साव चोराचे दोन सिनेमे: नवा संगणकी ल्युपिन आधी दाखवावा की १९७९ चा?

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टीही लांबते. घरात आजी-आजोबा, पुण्याहून आलेले मामेभाऊ, शेजारचे दोन पोट्टे आणि टीव्ही एकच. सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं काही शोधायला गेलं की साव चोराची गोष्ट उपयोगी पडते. मारामारी आहे पण रक्तपात नाही, प्रेम आहे पण चॅनल बदलावं लागेल असं काही नाही, आणि पोलिसाची फजिती तर सगळ्यांनाच आवडते.

या प्रकारात ॲनिमेशनमधली दोन नावं नेहमी समोरासमोर येतात. एक ‘ल्युपिन द थर्ड: द फर्स्ट’, २०१९ चा, पूर्ण संगणकावर तयार झालेला. दुसरा ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो’, १९७९ चा, हाताने रेखाटलेला. चोर तोच, साथीदार तेच, मागे लागलेला इन्स्पेक्टरही तोच. तरी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मात्र अगदी वेगळ्या येतात, आणि निवड चुकली तर अर्ध्या तासात निम्मी मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालतात.

आमचा कल आधीच सांगतो. खोलीत सगळ्या वयाची माणसं असतील आणि कुणालाच ल्युपिन माहीत नसेल, तर नवा लावा. दोन-चारच माणसं असतील, शांतता असेल आणि सिनेमा म्हणून उत्तम काय ते बघायचं असेल, तर जुना. कारणं पुढे आहेत.

आधी ओळख, मोजकीच

मूळ चोर फ्रेंच. मॉरिस लब्लाँ यांनी १९०५ मध्ये आर्सेन ल्युपिन जन्माला घातला. १९६७ मध्ये ‘मंकी पंच’ या टोपणनावाने चित्रं काढणाऱ्या काझुहिको काटो यांनी त्याचा जपानी नातू कल्पिला, तो हा ल्युपिन तिसरा. त्याच्यासोबत टोपी डोळ्यांवर ओढलेला नेमबाज जिगेन, तलवारबाज गोएमॉन, आणि कधी मैत्रीण कधी दगाबाज अशी फुजिको. मागावर कायम इंटरपोलचा इन्स्पेक्टर झेनिगाता. एवढं माहीत असलं की पुरे. दोन्ही सिनेमांच्या गोष्टी स्वतंत्र आहेत, आधीची मालिका बघितलेली असण्याची गरज नाही.

नेटफ्लिक्सवरची २०२१ ची फ्रेंच मालिका बघून ‘तोच ना हा?’ असं विचारणारे बरेच भेटतात. तो नायक लब्लाँची पुस्तकं वाचून प्रेरणा घेणारा आजचा माणूस आहे, हा ल्युपिन वेगळा. त्या मालिकेतला गंभीरपणा इथे शोधू नका.

नवा सिनेमा ९३ मिनिटांचा, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. जुना १०० मिनिटांचा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. त्यांचा पूर्ण लांबीचा हा पहिलाच सिनेमा. नव्यात ल्युपिनचा कोट लाल, जुन्यात हिरवा. ओटीटीवर चित्र बघून नेमका कोणता सिनेमा समोर आहे हे ओळखायला ही खूण चांगली.

नव्यावर लोक काय म्हणतात

या सिनेमाची झलक आली तेव्हा ल्युपिनचे जुने चाहते धास्तावलेले होते, आणि ते उगीच नव्हतं. यामाझाकी यांचाच दुसरा संगणकी सिनेमा, एका लोकप्रिय व्हिडिओ गेमवरचा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला होता आणि त्याच्या शेवटावरून चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. त्यात ल्युपिनचं रूप असं की ते कागदावरच शोभावं. हातपाय काड्यांसारखे, जबडा माकडासारखा, पळताना शरीर रबरासारखं ताणलेलं. हे सगळं त्रिमित बाहुलीत उतरलं तर मेणाच्या पुतळ्यासारखं दिसणार, ही भीती होती.

डिसेंबरमध्ये सिनेमा आला आणि सूर बदलला. आजही नव्याने बघणाऱ्यांकडून पहिली प्रतिक्रिया बहुधा दिसण्याबद्दलच येते: चेहरा जमलाय. ल्युपिन ओठ वाकडे करून हसतो तेव्हा गालाच्या सुरकुत्या, भुवई आणि खांदा तिन्ही एकाच वेळी हलतात. रेषेतला खट्याळपणा टिकला तो यामुळे. कापडाचा पोत, धातूवरची चकाकी, पॅरिसच्या रात्रीचे दिवे, हे हाताने रेखाटलेल्या ल्युपिनमध्ये कधी दिसलं नव्हतं. गोष्टीच्या केंद्रस्थानी एक डायरी आहे. ती साधी वही नाही, तिला यांत्रिक कुलूप आहे, आणि ल्युपिनचे आजोबा आर्सेन यांनाही ती चोरता आली नव्हती. त्या कुलपाशी ल्युपिनची बोटं खेळतात तो प्रसंग लक्ष देऊन बघा. संगणकी ॲनिमेशन इथे नुसता देखावा उरत नाही, चोराच्या हातातली कला दिसते.

तक्रारी दोन येतात, आणि आमच्या मते दोन्ही रास्त आहेत.

पहिली, गोष्टीचा अंदाज लवकर येतो. १९६० च्या दशकातला फ्रान्स, प्राचीन अवशेषांमध्ये लपलेली प्रचंड शक्ती, तिच्या मागे लागलेले नाझींचे वारसदार, आणि पुरातत्त्वाची ओढ असलेली लेटिशिया नावाची मुलगी. साहसपट पाहिलेल्या माणसाला तिचं गुपित अर्ध्या वाटेतच कळतं. मुलांना मात्र कळत नाही, आणि त्यांचे डोळे विस्फारतात. एकाच घरात एकाच सिनेमावर दोन मतं पडतात ती बहुतेक इथेच.

दुसरी तक्रार चाहत्यांची. जिगेन, गोएमॉन आणि फुजिको यांना हवा तेवढा वाव नाही. प्रत्येकाला आपापली एकेक करामत मिळते, तलवारीने नको ते कापलं जातं, बंदुकीने अशक्य नेम साधला जातो, आणि मग सूत्रं पुन्हा ल्युपिन-लेटिशियाकडे जातात. ज्यांना ही टोळी आधीपासून माहीत आहे त्यांना हे खटकतं. नव्या माणसाला खटकत नाही. उलट पात्रं कमी असल्यामुळे त्याला गोष्ट सोपी जाते.

लेटिशियाच्या चेहऱ्याबद्दलही कुरकुर ऐकू येते. ल्युपिन, झेनिगाता यांचे चेहरे मंकी पंचच्या रेषेतून आलेले वाटतात, तर ती कुठल्याही मोठ्या स्टुडिओच्या संगणकी सिनेमातून इथे आल्यासारखी दिसते. दोघं शेजारी उभे असताना हा फरक जास्त जाणवतो. मुलांना तीच सर्वांत आवडते, हे ओघाने आलंच.

एक गोष्ट जाता जाता. मंकी पंच एप्रिल २०१९ मध्ये गेले, सिनेमा त्यानंतर आला. जिगेनला पहिल्यापासून आवाज देणारे कियोशी कोबायाशी २०२१ मध्ये या भूमिकेतून निवृत्त झाले आणि २०२२ मध्ये गेले. म्हणून जुने चाहते या सिनेमाबद्दल बोलताना थोडे हळवे होतात. त्यांची स्तुती वाचताना तेवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

जुन्यावरच्या प्रतिक्रिया

आज ‘कॅग्लिओस्ट्रो’ला कुणी नावं ठेवत नाही. १९७९ च्या डिसेंबरमध्ये तो लागला तेव्हा मात्र तिकीटबारीवर विशेष चालला नव्हता, आणि चाहत्यांची तक्रार होती की हा ल्युपिन फार सज्जन झाला. मूळ चित्रकथेतला चोर बायकांच्या मागे लागणारा, लोभी, वेळप्रसंगी निर्दय. मियाझाकींनी त्याला वय वाढलेला, थोडा थकलेला, मुलीशी अदबीने वागणारा माणूस केला. पुढे टीव्हीवर पुन्हापुन्हा लागून तो घराघरात पोहोचला. आता गंमत अशी की बहुतेक लोकांना ल्युपिन असाच माहीत आहे, आणि मूळ चित्रकथा वाचली की त्यांना धक्का बसतो.

गोष्ट नव्यापेक्षा लहान आहे, पण घट्ट. ल्युपिन आणि जिगेन कॅसिनो लुटतात, गाडीत नोटांचा ढीग, आणि लक्षात येतं की नोटा खोट्या आहेत. नोटा कुठून आल्या हे शोधत ते कॅग्लिओस्ट्रो नावाच्या चिमुकल्या देशात जातात. तिथे एक मुलगी लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात गाडी पळवत समोर येते, मागे गुंड. पिवळ्या फियाट ५०० मधून केलेला तो पाठलाग अजूनही अभ्यासाचा विषय आहे.

जवळून बघण्यासारखा प्रसंग मात्र दुसराच. ल्युपिनला किल्ल्याच्या एका छपरावरून दुसऱ्या मनोऱ्यावर जायचं आहे. दोर न्यायला तो एक छोटा अग्निबाण काढतो, लायटर पेटवायला बघतो, अग्निबाण हातून निसटतो आणि उतारावरून घरंगळू लागतो. तो पकडायला ल्युपिन मागे धावतो, छप्पर इतकं उतरतं की त्याला थांबताच येत नाही, मग तो वेग तसाच वापरून उडी मारतो. पुन्हा दुसरं छप्पर, पुन्हा उडी. अग्निबाण हातून सुटल्यापासून पुढे एक शब्द नाही. कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही वयाच्या माणसाला हे कळतं. खोलीतले सगळे एकाच वेळी हसतात असा क्षण नव्या सिनेमात सापडत नाही.

प्रेक्षक गळतात ते मधल्या भागात. किल्ल्यात शिरल्यावर तळघर, खोट्या नोटांचा कारखाना, कारस्थान, झेनिगाताची वरिष्ठांसमोर होणारी कुचंबणा, असा संथ आणि बोलका टप्पा येतो. दहा वर्षांखालची मुलं इथे पाणी प्यायला उठतात. चित्रही सपाट रंगांचं, पात्रांची हालचाल ठिकठिकाणी तुटक. सेकंदाला २४ चित्रं दिसत असली तरी त्या काळच्या जपानी पद्धतीत एकच रेखाटन दोन किंवा तीन चौकटी टिकवलं जाई, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला आठ ते बारा रेखाटनं. संगणकी सिनेमांवर वाढलेल्या पोरांना हे ‘अडकतंय’ असं वाटतं. नेट स्लो आहे का, असंही विचारतात.

तुमच्या खोलीत कोण बसणार आहे

आजी-आजोबा. बाबूराव अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार वाचत वाढलेली ही पिढी. पोलिसांना हुलकावण्या देत खऱ्या खलनायकाला धडा शिकवणारा नायक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्यांना ‘कॅग्लिओस्ट्रो’ जास्त भावतो, कारण त्यात अदब आहे आणि शेवट गोड-कडू आहे. अडचण कार्टून या शब्दाचीच. ‘कार्टून लावलंय’ म्हणालात की ते उठून देवघरात जातील. ‘चोर-पोलिसाचा जपानी सिनेमा आहे’ एवढंच सांगा.

दुसरी ते पाचवीतली मुलं. यांच्यासाठी नवाच. यामाझाकी हे २०१४ च्या संगणकी डोरेमॉन सिनेमाचे सहदिग्दर्शक, त्यामुळे डोळ्यांना ओळखीची वाटणारी गोलाई आणि प्रकाश इथेही आहे. फक्त दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या पाठलागाने होते आणि ती जरा अंगावर येते. दुसरं, नाझी म्हणजे कोण, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणारच. सिनेमातली आनेनेर्बे नावाची संस्था खरी होती, नाझी नेता हिमलरच्या पुढाकाराने १९३५ मध्ये स्थापन झालेली, आर्य वंशाच्या थोरवीचे पुरावे खणून काढायला निघालेली. सिनेमा लावण्याआधी दोन मिनिटं याबद्दल बोललात तर मध्ये थांबवावं लागणार नाही.

वयाचं म्हणाल तर नवा आठ वर्षांपासून पुढे, जुना दहापासून. जुन्यात सांगाड्यांनी भरलेलं तळघर आहे, लोखंडी पंजे घातलेले मारेकरी आहेत, नायक गोळी लागून जखमी होतो, आणि मुलीला जबरदस्तीने बोहल्यावर उभं करण्याचा धागा आहे. सिगारेटी दोन्हीकडे ओढल्या जातात.

कॉलेजातली मंडळी. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघणाऱ्यांना बहुतेक ‘कॅग्लिओस्ट्रो’ नावाने माहीत असतो, बघितलेला नसतो. यांना जुनाच दाखवा. नवा दाखवलात तर तंत्राची तारीफ करतील आणि गोष्टीला ‘ठीक’ म्हणतील.

मधली पिढी, म्हणजे स्वयंपाकघर आणि सोफा यांच्यात ये-जा करणारे आई-बाबा. यांच्यासाठी नवा, कारण पाच मिनिटं चुकली तरी धागा सापडतो. जुन्यात खोट्या नोटांचा दुवा हुकला तर पुढचं कळायला जड जातं.

भाषा, सबटायटल आणि कूलर

दोन्हींचा मूळ आवाज जपानी. इंग्रजी डब दोन्हींना आहे. लावण्याआधी तुमच्याकडे कोणता ध्वनी उपलब्ध आहे ते दोन मिनिटं चालवून बघा, कारण सिनेमा एकच असला तरी ऑडिओचे पर्याय प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलतात.

नव्याचा इंग्रजी डब चांगला आहे. टोनी ऑलिव्हर २००० च्या दशकापासून ल्युपिनला इंग्रजी आवाज देत आले आहेत, त्यामुळे विनोदाची वेळ अचूक साधते. मूळ जपानीत ल्युपिन झेनिगाताला घरातल्या म्हाताऱ्याला मारावी तशी ‘तोत्त्सान’ अशी हाक मारतो. चोर-पोलिसातला हा लाडिकपणा इंग्रजीतल्या ‘पॉप्स’मध्ये बराचसा उतरला आहे.

जुन्याच्या बाबतीत सावध राहा. त्याचे इंग्रजी डब एकाहून जास्त आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या डबमध्ये संवादांत बरेच फेरफार आहेत, नायकाला ‘वुल्फ’ म्हटलं जातं. लब्लाँच्या वारसांशी नावावरून असलेल्या वादामुळे त्या काळी ल्युपिन हे नाव वापरणं टाळत. २००० च्या डबमध्ये नाव ल्युपिनच आहे, पण मूळ जपानीत नसलेल्या शिव्या घातल्या आहेत. मुलांसोबत बसणार असाल तर जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल हाच पर्याय बरा.

आता नागपुरी अडचण. मे महिन्यात हॉलमध्ये डेझर्ट कूलर फुल स्पीडवर असतो आणि त्याच्या घरघरीत टीव्हीच्या स्पीकरचे संवाद बुडतात. मग आवाज वाढवावा, तर पाठलागाच्या प्रसंगात भिंती हादरतात. नव्या सिनेमात हा त्रास जास्त. स्फोट आणि युजी ओनो यांचं जॅझ वाजतं जोरात, संवाद येतात हळू. उपाय असे: सिनेमा सुरू होण्याआधी तासभर कूलर पूर्ण वेगाने चालवून खोली गार करून घ्या. मग पंप चालू ठेवून पंखा सर्वांत कमी वेगावर आणा. स्पीकर कूलरच्या समोरच्या भिंतीला ठेवू नका, प्रेक्षक आणि कूलर यांच्या मध्ये येईल असा ठेवा. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असा पर्याय असतो, तो चालू करा. आणि इंग्रजी डब लावला तरी सबटायटल सुरूच ठेवा. चौथीच्या पुढचे पोट्टे वाचून घेतात, त्याच्या खालच्यांसाठी शेजारी बसून एकेका वाक्यात गोष्ट सांगणारा कुणीतरी लागतो. हे काम घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलीला द्या. ती मोठ्यांपेक्षा छान करते.

‘हे तर गेमसारखं दिसतंय’

नव्या सिनेमाबद्दलची ही प्रतिक्रिया नेहमीची आहे, आणि बऱ्याचदा दोष सिनेमाचा नसतो, टीव्हीचा असतो. हल्लीचे टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने जास्तीच्या चौकटी घालतात. एलजीमध्ये याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. क्रिकेटला ते ठीक. संगणकी सिनेमात मात्र त्यामुळे पात्रं घसरत चालल्यासारखी, वजन नसल्यासारखी दिसतात. जुन्या सिनेमाचे हाल त्याहून वाईट. तीन-तीन चौकटी टिकणाऱ्या रेखाटनांच्या मध्ये टीव्ही अंदाज बांधायला जातो आणि पळणाऱ्या ल्युपिनच्या हातापायांभोवती धुरकट कडा येतात. सेटिंगमध्ये जाऊन हा पर्याय बंद करा, पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ‘व्हिव्हिड’ नको, त्यात १९७९ चे मऊ हिरवे-निळे रंग भडक होतात.

दुपारी बघणार असाल तर आणखी एक फरक. नव्या सिनेमातले कितीतरी प्रसंग रात्रीचे किंवा भुयारातले आहेत. खिडकीतून ऊन आत येत असेल तर पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं आणि कारागिरीचा सगळा पैसा वाया. जाड पडदे किंवा खिडकीला सतरंजी लावता येत नसेल तर दुपारी जुना लावा. सपाट रंगांचं चित्र उजेडात कमी मार खातं.

गच्चीवर, प्रोजेक्टर लावून

मनीषनगर, बेसा भागातल्या फ्लॅट स्कीममध्ये सुट्टीत गच्चीवर सिनेमा लावायची टूम निघते. घराबाहेर अशा सामूहिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, ओटीटीचं वर्गणी खातं त्यासाठी चालत नाही. ते आधी मिटवा, मग पुढचं.

मेच्या मध्यात नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, पण पडद्यासाठी पुरेसा अंधार साडेसातनंतर होतो. पावणेआठला सुरू केलात आणि दहा मिनिटांची सुट्टी धरलीत, तर नवा साडेनऊच्या आत आणि जुना नऊ पस्तीसला संपतो. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी असल्याने हे गणित महत्त्वाचं आहे. दोन्ही लागोपाठ दाखवायचा मोह टाळा, वेळेत बसत नाहीत.

पडदा १२० इंची घेतलात तर उंची साधारण पाच फूट भरते. सबटायटल वाचायची असतील तर शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीत, म्हणजे ३० फुटांच्या आत हवी. सबटायटलशिवाय ४० फुटांपर्यंत चालतं. त्यामुळे माणसं जास्त आणि गच्ची लांब असेल तर नवा सिनेमा इंग्रजी आवाजात लावणं सोयीचं. प्रोजेक्टर अडीच-तीन हजार ॲन्सी ल्युमेनचा, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा, घ्या. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर नुसतं ‘ल्युमेन’ लिहिलेला आकडा फुगवलेला असतो. कमी उजेडाच्या प्रोजेक्टरवर नव्या सिनेमातली रात्रीची दृश्यं राखाडी दिसतात आणि लोक म्हणतात, काही दिसूनच नाही राहिलं. तिथे जुना निभावून जातो. प्रोजेक्टर तापलेल्या गच्चीच्या फरशीवर थेट ठेवू नका, टेबलावर ठेवा, आणि कूलरचा ओलसर झोत त्याच्यावर येऊ देऊ नका.

जुन्यात सुट्टी कुठे घ्यायची ते ठरलेलं बरं: ल्युपिन जखमी होऊन किल्ल्यातून निसटतो तिथे, तासाभरानंतर. आधी थांबवलात तर मुलं परत येत नाहीत. नवा कुठेही थांबवा, फारसं बिघडत नाही.

दोन्ही नको असतील तर

सगळी मुलं आठच्या खालची असतील तर ल्युपिन सोडाच. ड्रीमवर्क्सचा २०२२ चा ‘द बॅड गाइज’ लावा. पिएर पेरिफेल दिग्दर्शित, १०० मिनिटं, ॲरन ब्लेबी यांच्या मुलांच्या पुस्तकांवरून. लांडगा, साप, शार्क, पिरान्हा आणि कोळी यांची चोरांची टोळी. चोरीची नजाकत कमी, धांदल जास्त, आणि मोठ्यांनाही कंटाळा येत नाही. संगणकावर केलेला असूनही रेषा हाताने काढल्यासारख्या दिसतात, म्हणून ज्यांना नव्या ल्युपिनचं गुळगुळीत रूप रुचलं नाही त्यांनाही हा आवडून जातो.

दोन्ही बघायचे असतील तर क्रम

मुलांना आधी नवा, मग किमान आठवडाभराने जुना. नव्यात टोळीची ओळख झालेली असते, मग जुन्यात हिरवा कोट, वयस्क ल्युपिन आणि संथ मधला भाग ती ओळखीच्या माणसासाठी सहन करतात. उलट क्रमात नव्याची गोष्ट फिकी पडते, आणि तंत्र कितीही भारी असलं तरी तो फिकेपणा झाकला जात नाही.

ॲनिमे बघणाऱ्या मोठ्यांनी मात्र उलटंच करावं, जुना आधी. नव्यात ल्युपिन थोडा पोरकट झाल्यासारखा वाटेल, पण झेनिगाताशी त्याची जी गट्टी जमते ती बघताना चेहऱ्यावर हसू येईलच. आणि आजी-आजोबांना एकच दाखवायचा असेल तर जुना, रात्री जेवणं आटोपल्यावर, कूलर बारीक करून, सबटायटल मोठ्या अक्षरात. ओटीटीच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवता येतो, बहुतेकांना ते माहीतच नसतं.